दर्भाचा कावळा

१६ जानेवारी २००४
समोरच्या तृप्तीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. तिचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. क्षणभरच. तिची तरी काय चूक? आल्हाद घरातून निघून गेला त्याला बारा वर्षं झाली. ना पत्ता, ना फोन. मी सवाष्ण की विधवा, मलाच माहीत नाही!

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. एरवी माईंकडे प्रत्येक दुखण्यावर म्हण तयार. दूध उतू गेलं, म्हण. भाडेकरू पळाला, म्हण. वर "जुनी माणसं उगाच नाही सांगून गेली" हे ठरलेलं. किती वैताग यायचा मला! आणि दर वेळी खरं ठरायचं त्याचा जास्त. आज नुसतं हूं म्हणाल्या. दिवाळीपासून हे असंच चाललंय.

२१ जानेवारी
ऑफिसात व्हाउचर तपासताना कानाशी माईंचा आवाज. वाट पाहण्यावरची त्यांची लाडकी म्हण, तीच. दचकून मागे पाहिलं — कुणी नाही. घरात त्या गप्प, आणि इथे माझ्या डोक्यात बोलतायत.

२५ जानेवारी
माईंनीच विषय काढला! "बारा वर्षं झाली की दर्भाचा पुतळा करून विधी करतात. त्र्यंबकला जाऊन उरकून टाकू." मी बघतच राहिले. मागच्या वर्षी शामसुंदरभाऊजींनी आपल्या भावासाठी हेच सुचवलं, तर माई भरल्या ताटावरून उठल्या होत्या.

"माई, तो गेला असं वाटतं तुम्हाला?"

"तू मोकळी हो गं आता."

पुढे एकही म्हण नाही. मला त्याचीच भीती वाटली.

४ फेब्रुवारी, त्र्यंबक
गुरुजींनी दर्भाचा माणूस केला. डोकं, हात, पाय. भाऊजींनी अग्नी दिला. गवतच ते, कळत होतं मला. तरी पेटल्यावर "थांबा, थांबा!" असं ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माई नाही. त्या डोंगराकडे बघत होत्या.

६ फेब्रुवारी
कावळा शिवेना. झाडावर कावळेच कावळे, पिंडाकडे एक फिरकेना. भाऊजी हात जोडून म्हणाले, "दादा, माईची काळजी करू नकोस." नाही. मी म्हटलं, "मी घर सोडून जाणार नाही, माईंना अंतर देणार नाही." नाही. मग रडत म्हटलं, "मी दुसरं लग्न करणार नाही रे, शिव आता!" तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. माई पाठ करून बसलेल्या, पोटच्या पोराला एक शब्द नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. झालं.

७ फेब्रुवारी
नाही झालं. तो घरात आहे. जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडून बघते. दाढीच्या साबणाचा वास येतो, आणि तो साबण आपल्याकडे कित्येक वर्षांत आलेला नाही. गवताचा माणूस, गवताचाच कावळा — असं कुणी जातं का? त्याचं काय राहिलंय? काय हवंय त्याला माझ्याकडून? आज पोळ्या लाटताना ते मोठ्यानं विचारलं. माई दारात उभ्या होत्या. ऐकलं असावं.

८ फेब्रुवारी
सकाळी माई माझ्याजवळ येऊन बसल्या. "कावळा कसा शिवेल, आभा? जिवंत आहे तो." दिवाळीत बहिणीकडे लासलगावला गेल्या तेव्हा मार्केट यार्डाबाहेर समोरासमोर भेटला. सोबत बायको, कडेवर मुलगी. भररस्त्यात माईंच्या पाया पडला. म्हणाला, "माई, आभाला सांगू नकोस." मुलीलाही पाया पडायला लावलं.