गळ्यातली फळी

शनिवार, ८ नोव्हेंबर

नेरिसच्या पार्टीला जाऊन आले. डोकं ठणकतंय. बॅगपाइप हे बंद हॉलमध्ये वाजवायचं वाद्य नव्हे!

नेरिस समोरच्या फ्लॅटमधली. वेल्सची. शाळेत संगीत शिकवते. गच्चीवरच्या हॉलमध्ये तिने 'सेल्टिक संध्याकाळ' ठेवली होती. वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल, फ्रान्समधलं ब्रिटनी आणि आइल ऑफ मॅन नावाचं बेट. सहा प्रदेश, एक संस्कृती — असं तिने माइकवर सांगितलं. इंग्रजीत! सगळेच इंग्रजीत. मी विचारलं, तुमच्या भाषा एकमेकांना कळतात का? म्हणाली, ब्रिटनीच्या म्हणजे ब्रेटन माणसाचे आकडे मला थोडेफार कळतात. बस. आकड्यांवर संस्कृती.

खरी एकी नंतर दिसली. नेरिसने पणजीच्या शाळेतली गोष्ट काढली. वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी फळी अडकवायचे. त्याने दुसऱ्याला पकडलं की फळी दुसऱ्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. ब्रेटन माणूस लगेच म्हणाला, आमच्याकडे लाकडी बूट, माझ्या बापाच्या गळ्यात होता. आयरिश बाई म्हणाली, आमच्याकडे काठी, दर शब्दाला एक खाच, दर खाचेला एक फटका. मग काय, एकमेकांच्या खांद्यावर हात, डोळ्यांत पाणी. बॅगपाइपने जे जमलं नाही ते फळीने जमलं.

नेरिस म्हणाली, "पणजी इंग्रजी इतकं चोख शिकली की त्या मास्तरला मरेपर्यंत इंग्रजीतच शिव्या द्यायची!" सगळे हसले. मीही.

पण लिफ्टमध्ये एकच विचार — शिकली ना?

रविवार, ९ नोव्हेंबर

"श्रिया, दूध प्यायलीस?"

"ऑलमोस्ट, आजी."

"अवनी, ते दप्तर उचल."

"इन अ मिनिट, आजी. यल्ला श्रिया, इट्स माय टर्न ऑन द आयपॅड!" (यल्ला म्हणजे 'चल'. अरबी. तेही येतं!)

माझा नवरा सुरेश गेल्यावर पुण्याचा फ्लॅट विकला आणि जूनमध्ये इथे आखातात, अल बर्शाला कायमची आले. वरद म्हणाला होता, आई, दोन नाती आहेत, बोलायला माणसं मिळतील. कुठली माणसं? वरद आणि मुग्धा दिवसभर ऑफिसात, घरी आले की लॅपटॉपमध्ये. अवनी दहाची, श्रिया सातची. दोघींना कळतं सगळं, बोलत नाहीत. श्रिया दुपारी माझ्याजवळ झोपते, पोटावर पाय टाकून. झोपेतसुद्धा इंग्रजी बरळते.

या पोरी बोलल्या नाहीत तर मी या घरात सोफ्यासारखी. सोफ्यावर निदान कोणी बसतं तरी.

सोमवार, १० नोव्हेंबर

खालच्या दुकानातून भाजी कापायची लहान फळी आणली. दांड्याला भोक आयतंच. सुतळी ओवली. मार्करने लिहिलं — 'इंग्रजी'. अक्षर अजून सुबक येतं माझं.

जेवताना नियम सांगितले. घरात जी इंग्रजी बोलेल तिच्या गळ्यात फळी. सुटकेचे मार्ग दोन. बहिणीला पकडायचं. नाहीतर माझ्यासमोर येऊन स्वतःच्या मनातलं एक पूर्ण वाक्य मराठीत बोलायचं. पाठ केलेलं चालणार नाही. फळी असेतो आयपॅड बंद, जेवण स्वयंपाकघरात एकटीने. छडी नाही. मी काही राक्षस नाही.

वरद हसला. "आई, हे मस्तंय! गेम!" मुग्धा म्हणाली, "आई, थोडं लाइटली घ्या हं." टेलिफोन खात्यात चाळीस मुली माझ्या हाताखाली होत्या. लाइटली घेतलं असतं तर अर्ध्या पुण्याचे ट्रंककॉल राहिले असते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पहिला मान अवनीचा. "ओ माय गॉड" — फळी. दहा मिनिटांत आली. "आजी, आज खूप ऊन आहे." सुटली. हुशार आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अवनीने जेवणाच्या टेबलाखालून श्रियाला चिमटा काढला. "आऊच!" अवनी उभी राहिली — "आजी, इंग्रजी!"

आता हे इंग्रजी का? विचार केला. इंग्रजीच. आपल्यात 'आई गं' म्हणतात. फळी श्रियाच्या गळ्यात. रडली. रडण्याला भाषा नसते, त्यामुळे तो गुन्हा धरला नाही.

मुग्धा म्हणाली, "पण अवनीने चिमटा काढला!" चिमट्याचा नियमच नाही, म्हटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

यश! श्रियाचं बोट दारात सापडलं. ओरडली — "आई गं!"

दुखल्यावर मराठी. इतकं आत गेलंय! बोटाला बर्फ लावला. पण बोट सोडवल्यावर "थँक यू" म्हणाली. परत फळी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये नेरिस भेटली. दोन शब्द इंग्रजीत बोलले तिच्याशी. अवनी लगेच — "आजी, फळी!" लिफ्ट म्हणजे घर नाही, म्हटलं. पोरगी माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नेरिस पोरींसाठी केक घेऊन आली. वेल्सचा, मनुकांचा. दार श्रियाने उघडलं. गळ्यात फळी.

"हे काय?"

"तुमच्याकडूनच शिकले," मी म्हटलं. काय लिहिलंय तेही सांगितलं. वाटलं, खूश होईल. उलटी वापरली आहे ना मी! त्या मास्तरांनी पोरांची भाषा काढून घ्यायला वापरली, मी द्यायला वापरते.

ती खाली वाकून फळी बघत राहिली. म्हणाली, "माझ्या पणजीच्या फळीवरचं अक्षर इतकं सुंदर नसेल." केक ठेवला आणि गेली.

आतिथ्य आहे बाईकडे, विनोदबुद्धी नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये नेरिसने मला ओळख दिली नाही. मजल्याच्या आकड्यांकडे बघत होती. सहा प्रदेशांची एक ओळख सांगणारी बाई! एका मजल्यावरची टिकवता आली नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

चौथा दिवस, फळी श्रियाच्याच गळ्यात. अवनीला पकडायला ती तोंड उघडत नाही, आणि अवनी आता सापडत नाही. सुटकेचा दुसरा मार्ग आहे की! एक वाक्य. सांगितलं तिला. माझ्याकडे बघते आणि ओठ आत दाबते.

हट्टी. माझ्यावर गेली आहे.

दुपारी माझ्याजवळ झोपायला आली नाही. फळी टोचते म्हणून असेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

शाळेतून मुग्धाला फोन. श्रिया वर्गात बोलत नाही. इंग्रजीतही नाही.

मुग्धा ऑफिस सोडून आली. "आई, ती घाबरलीये!" घाबरलेली नाही, विचार करते आहे, म्हटलं. वरद मध्ये — "आई, खलास कर ना आता. प्लीज." चाळिशीचा बाप्या, आईला प्लीज म्हणतो!

मुग्धा फळी काढायला गेली. श्रियाने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. माझ्याकडे बघत. सोडेचना!

मी मुग्धाला म्हटलं, बघ. तिला नियम कळलाय, तुला कळला नाही.

मुग्धा रडली. तिने आजवर माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला. मराठीत चढवला, हे नोंदवून ठेवते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

घरात कोणी बोलत नाही. इंग्रजी पूर्ण बंद झालं आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुपारी पलंगाची एक बाजू मोकळी ठेवली. कोणी आलं नाही.

उद्या मीच काढावी का फळी? पण मग इतके दिवस तिने जे सोसलं ते फुकट जाईल. एका वाक्याचा तर प्रश्न आहे. माझ्याशी एक वाक्य. काही अवघड मागत नाही मी.

मंगळवार, २ डिसेंबर

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. खाली झेंडे, हॉर्न. मी भाजी निवडत होते. श्रिया आपणहून आली. समोर उभी राहिली, फळी सरळ केली, हात मागे बांधले.

"आजी, तू कधी मरणार?"

पूर्ण वाक्य. एकही शब्द इंग्रजी नाही. पाठ केलेलं नाही. मनातलं.

फळी काढली. शाबास म्हणायचं असतं. म्हटलं.