मावशी म्हणून सही

७ डिसें., रवि. वाशिम

काल ६ डिसेंबर, म्हणून निघालो नाही. सकाळी विहारात, संध्याकाळी सामान. उद्या सात वाजता नक्की, असं शाहीन म्हणते. सुनंदाचं म्हणणं साडेसात, कारण तिचं आंघोळीचं पाणी तापत नाही. तिघी एका बाकावरच्या. दहावी होऊन बेचाळीस वर्षं झाली, भांडणं तीच. (वहीत सारखी नावं लिहायचा कंटाळा. शा. आणि सु. पुरे.)

गाडी शा.च्या रफिकभाईंनी केलेली. त्यांचं गाड्यांच्या बॉडीचं वर्कशॉप होतं. शाळेची मुलं नेणारी जुनी ट्रॅव्हलर घेतली, बाकं काढून टाकली. आत दोन पलंग, एक गादीचा बाक, मोरी, शेगडी, टपावर पाण्याची टाकी. बायकोला समुद्र दाखवायचा होता. गाडी तयार झाली आणि दोन महिन्यांत ते गेले. दीड वर्ष ताडपत्रीखाली पडून होती. मग शा. एक दिवस ड्रायव्हिंग शिकायला गेली, कोणाला न सांगता.

बारा दिवस. कोकण. पुण्याहून राहुलचा फोन, "आई, या वयात हे कायले?" रिटायर झाल्यापासून दिवस कसे जातात हे त्याला सांगितलेलं नाही. मलाही नीट माहीत नाही.

८ डिसें., सोम. मेडशी

निघालो पावणेनऊला.

जवळच्याच मालेगावला डावीकडे वळायचं होतं. मी मोबाइल धरून पुढे बसले होते आणि आम्ही सरळ गेलो. मेडशी आल्यावर सु. म्हणाली, हे तर अकोल्याच्या वाटेवर. ती नर्स, आयुष्यभर या तालुक्यात फिरलेली. मग आधी काहून नाही बोलली? तर म्हणे, तुमी दोघी इतक्या खात्रीनं चालल्या होत्या, मले वाटलं बेत बदलला.

उलटं फिरताना गाडीतून जळकट वास. शा. म्हणाली क्लच. थांबलो. मोरीतलं पाणी पलंगाखाली गेलं, चादरी ओल्या. धाब्यामागे गाडी लावली, तुरीच्या शेताला लागून. चादरी कुंपणावर वाळत घातल्या.

तीन जणांनी विचारलं ही मतदानाची गाडी का. एका आजीनं विचारलं डोळे इथंच तपासतात का. सु.नं तिला बाकावर बसवून पापणी उचलून पाहिली, मोतीबिंदू आहे, कुठं जायचं ते सांगितलं. आजी निघून गेल्यावर सु. बराच वेळ शीळ घालत भांडी घासत होती. तिला शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

घरापासून अजून तासाभराच्याच अंतरावर आहोत.

९ डिसें., मंगळ. केनवड, मग रिसोड, मग वाशिम

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

केनवडपर्यंत आलो. चढावर गाडी ओढेना. बाजाराच्या कडेला मेकॅनिक मिळाला, गाडीखाली शिरला. क्लच प्लेट गेली, नवी अकोल्याहून उद्या येईल. अगदीच गरज पडली तर चालवा, पण हळू, आणि मधात थांबू नका.

म्हणून बाजारातच बसलो. पांढरी गाडी, खिडक्यांना पडदे, दाराशी सु. स्वतःच्या मशीनवर स्वतःचं बीपी पाहत होती. एका बाईनं हात पुढे केला. मग दुसरीनं. अर्ध्या तासात रांग. मी सांगत होते, बाई, आम्ही दवाखान्याचे नाही, फिरायला चाललो. कोणी ऐकेना. कुठं फिरायले, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, कोकणात, समुद्राकडे. ती रांगेतच उभी होती, सात-आठ महिन्यांची गरोदर, निळ्या साडीत. नाव रेखा. वय बावीस.

सु.नं तिचं बीपी दोनदा पाहिलं. मग पाय दाबून पाहिले, बोटाचा खड्डा तसाच राहिला. डोकं दुखतं का? हाव. डोळ्यापुढे अंधारी? सकाळपासून.

सु.चा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. अँब्युलन्सला फोन लावला, ती लांब होती, यायला तास तरी. सु. म्हणाली, "तास नाही हिच्यापाशी."

सासू तिथंच मेथी-सांभाराच्या जुड्या विकत बसलेली. तिला सांगितलं. ती म्हणाली, गुरुवारी तारीख दिलीच आहे डॉक्टरनं. सु.नं पुन्हा समजावलं. सासू आमच्याकडे, गाडीकडे, पडद्यांकडे पाहत राहिली. तेवढ्यात रेखा चढून आत बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं. सासू म्हणाली, भाजी आवरून मागून येते. नंबर दिला, तो लागला नाही.

शा.नं रिसोडच्या दवाखान्यापर्यंत गाडी एकदाही न थांबवता नेली. हॉर्नवर हात ठेवूनच. मधे बैलगाडी आली तेव्हा तिनं मोठ्यानं काहीतरी पढलं, मी डोळे मिटले. रिसोडला इंजेक्शन दिलं, लगेच वाशिमला पाठवलं, अँब्युलन्समध्ये. सोबत मी, कारण सु. आत डॉक्टरांशी बोलत होती आणि शा. गाडीपाशी. वाटेत रेखाला झटका आला. मी तिचा हात धरला होता, तो लाकडासारखा झाला.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं कागद पुढे केला. लगेच सिझर करावं लागेल, सही करा. कोण लागता?

मी म्हटलं, मावशी.

सही केली.

१० डिसें., बुध.

मुलगी झाली. दीड किलोला कमी. काचेत ठेवली आहे. रेखा शुद्धीवर आलेली नाही.

स्वतःच्या घरी येऊन झोपले. बारा दिवसांसाठी बंद केलेलं घर. दूधवाल्याला नको सांगितलं होतं, म्हणून काळा चहा. मी काल काय केलं ते कळत नाही. जि.प.त चौतीस वर्षं कारकुनी केली, एक कागद न वाचता सही केली नाही. हा वाचलासुद्धा नाही.

११ डिसें., गुरु.

रेखाच्या नवऱ्याचा फोन, पुण्याहून. नाव गजानन, कंपनीत कामाला. माझा नंबर कागदावरून मिळाला असणार. तुमी कोण, माझ्या बायकोची मावशी कुठली, तिले तर मावशीच नाही. मी सांगायला लागले, क्लचपासून. क्लचपासून काहून सुरू केलं कोण जाणे. त्यानं मधेच तोडलं. मग हळूच, "जिवंत हाय ना?"

हो म्हटलं. त्याच्यामागे मशीनचे आवाज येत होते.

दुपारी सासू आली. कालच निघाली होती, आधी रिसोडला शोधत बसली. माझ्याशी बोलली नाही. काचेपाशी जाऊन उभी राहिली. तिचे हात अजून मेथीनं हिरवे होते.

संध्याकाळी रेखानं डोळे उघडले.

१३ डिसें., शनि.

शा.नं गाडी दुरुस्त करून आणली आणि दवाखान्याच्या मैदानात लावली, कडुलिंबाखाली. बाळ अजून किमान तीन आठवडे इथंच. आईनं दर दोन तासांनी दूध काढून द्यायचं. बाकी बायकांचे नातेवाईक व्हरांड्यात चटईवर झोपतात. शा. म्हणाली, घर उभं आहे तर वापरा. सासू दोन वेळा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा पिशवी घेऊन चढली.

आज दुपारी रेखाजवळ बसले होते. सासू कपडे धुवायला गेली होती. रेखा एकदम म्हणाली, "मावशी, मी बीपीसाठी नव्हती बसली गाडीत."

मला वाटलं औषधाची गुंगी.

"तुमी समुद्राकडं चालल्या म्हणल्या न. म्हून बसली."

मारतात का विचारलं. नाही. उपाशी ठेवतात? नाही. नवरा पितो, काही लफडं? नाही, तो चांगला हाय. मग काहून? तिनं बराच विचार केला. खरंच केला, मी पाहत होते. मग म्हणाली, सांगता येत नाही. डोकं दुखत होतं, गाडीचं दार उघडं होतं, वाटलं इथून जावं.

कुठं जाणार होतीस? माहीत नाही. बाळंतपण? त्याचा विचार नव्हता केला.

कोणाला सांगू नका, असं काही म्हणाली नाही. आता हे माझ्यापाशी आहे.

१५ डिसें., सोम.

सांगितलं दोघींना. सांगायला नको होतं बहुतेक.

भांडण झालं, गाडीच्या मागे, हळू आवाजात. शा. म्हणते, तिला नाही जायचं तर माझ्या घरी राहील, तीन खोल्या रिकाम्या आहेत. सु. म्हणते, आपण पेशंट आणला, पेशंट वाचला, विषय संपला. दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. बाळंतपणानंतर बायांच्या मनात काय काय येतं, तिनं शेकडो पाहिल्यात. शा. म्हणाली, हे तर बाळंतपणाच्या आधीचं. मग दोघी माझ्याकडे वळल्या. सही तुझी, तू बोल.

मी म्हटलं, मले चहा पाहिजे.

खरं म्हणजे शा.चं ऐकताना शा.चं पटतं. सु.चं ऐकताना सु.चं.

१६ डिसें., मंगळ.

सासूचं नाव वच्छला. आज माझ्याशी पहिल्यांदा बोलली. शेगडी कशी पेटवायची ते विचारलं. मग सुनेसाठी डिंक-खोबरं कुटत बसली. म्हणाली, हिनं बारावीला चांगले मार्क घेतले होते, डी.फार्मला नंबर लागला होता, पण तिच्या बापाला स्थळ चांगलं वाटलं. आमालेही पोरगी चांगली वाटली. सगळं चांगलंच झालं, मंदाबाई.

मग खलबत्ता थांबवून, "तिनं तुमाले काही सांगतलं काय?"

मी कुटलेल्या खोबऱ्याकडे पाहिलं. म्हटलं, डोकं दुखत होतं म्हणाली.

खोटं नाही. खरंही नाही. वच्छलाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा कुटायला लागल्या. त्यांना कळलं की नाही कळलं, मला कळलं नाही.

१८ डिसें., गुरु.

गजानन आला. मी काय काय कल्पना केली होती. बारीक, चष्मेवाला, बुटांना पुण्याची धूळ. मला वाकून नमस्कार केला, मी मागे सरले. बाळासाठी लोकरी टोपी आणली, ती बाळाच्या सगळ्या अंगाला झाली असती. काचेवर कपाळ टेकवून उभा होता, सिस्टरनं सांगितलं काच पुसावी लागते.

दुपारी तो आणि रेखा मैदानाच्या कडेला बसले. ती जपून चालते, टाक्यांवर हात धरून. मी गाडीच्या खिडकीतून पाहिलं. पडदा धरून, चोरासारखं. तो बोलत होता, ती ऐकत होती. मग ती बोलली, फार नाही, दोन-तीन वाक्यं. तो उठून उभा राहिला. परत बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.

शा.ला वाटतं तिनं सांगितलं. सु.ला वाटतं बाळाच्या वजनाबद्दल बोलत असतील. वजन आज थोडं वाढलं आहे.

राहुलचा फोन. समुद्र कसा आहे? मी म्हटलं, अजून पोचलो नाही. तो म्हणाला, आई, दहा दिवस झाले, तुमी हाय कुठं? मी म्हटलं वाशिमात.

१९ डिसें., शुक्र.

गजानन उद्या सकाळच्या गाडीनं परत जाणार, रजा संपली. त्यानं रेखाला सांगितलं आहे (हे तिनंच मला सांगितलं) की बाळ सुटल्यावर गावी जायचं, की त्याच्यासोबत पुण्याला यायचं, की आणखी काही, ते तिनं ठरवावं. उद्या निघायच्या आधी सांग, म्हणाला. आवाज चढवला नाही. रडला थोडा. आता हे तिला जास्तच जड झालं आहे.

अकरा वाजता गाडीच्या पायरीवर आम्ही दोघीच. ऊन चांगलं होतं. वच्छलाबाई वर बाळापाशी. रेखा दूध काढलेली वाटी झाकून बसलेली. म्हणाली, "मावशी, तुमी सांगा. मी काय करू?"

सु.चं उत्तर मला पाठ होतं, शा.चंही. मी दोन्ही मनात म्हणून पाहिली. दोन्हींत काहीतरी माझं नव्हतं. तिचं तर नव्हतंच.

म्हटलं, "मले माहीत नाही, रेखा. खरंच नाही समजून राह्यलं."

मला लाज वाटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पोरगी विचारते आणि हिला माहीत नाही.

तिनं वाटीचं झाकण नीट केलं. मग म्हणाली, "बरं झालं. आतापर्यंत सगळ्याइले माहीतच होतं, मी काय करावं ते."

वाटी दोन्ही हातांत धरून ती उठली आणि जिन्याकडे गेली, हळूहळू, बाळाची वेळ झाली होती.