परळीच्या पाण्याचा कॅन

५ जानेवारी. सकाळी ६.
निर्णय झाला. समुद्रात बोटीने फिरायचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, अजून समुद्र पाहिला नाही, हे शोभत नाही. मालवण ठरवलं. तिथे रुद्राणी राहते, हा योगायोग. बोट तिच्या नवऱ्याची आहे, हाही.

सायंकाळी.
ह्यांनी विचारलं, "मंग लेकीकडंच उतरायचं का?" म्हटलं, दोन दिवस फक्त. लॉजच्या चादरींवर माझा विश्वास नाही.
तत्त्व मात्र सोडणार नाही. आपण गळ्यात इष्टलिंग बांधणारी माणसं. नऊ वर्षांपूर्वी रुद्राणीने मासे खाणाऱ्या घरात लग्न केलं, तेव्हाच सांगितलं होतं: तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. त्यानंतर बोलणंही नाही. तेव्हा वीस लिटरचा कॅन सोबत. शपथ माझी एकटीची. ह्यांना कशाचंच तत्त्व नाही. बत्तीस वर्षं थर्मल वीजकेंद्रात काढली.

७ जानेवारी.
आठव्या दिवशी नळ आला. आधी कॅन, मग घर.

८ जानेवारी. रेल्वेत.
कॅनला खिडकीची जागा. हे दाराशी उभे. समोरच्या बाईने हात जोडून विचारलं, "गंगेचं का?" म्हटलं, नगरपालिकेचं.

९ जानेवारी. पहाटे, कोल्हापूर स्टँड.
तोंड धुऊन आले तर ह्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली. कारण विचारलं. "काय न्हाई, दंव लई हाय." कॅन मात्र काठोकाठ. प्रवासात थेंब सांडला नाही. बांधणी माझी होती.

दुपारी, मालवण.
रुद्राणी जाड झाली आहे. बोलले नाही. तिनेही माझ्या केसांबद्दल काही म्हटलं नाही. नात ईश्वरी, वय सात, फोटोतच पाहिलेली. "आबा!" म्हणत थेट ह्यांच्या गळ्यात पडली. पहिल्याच भेटीत! रक्ताची ओढ म्हणतात ती हीच.
रुद्राणीने तांब्या पुढे केला. मी कॅनकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "आंघोळ तरी करशील ना आई? का तीही परळीच्याच पाण्याने?"
आंघोळीबद्दल मी तेव्हा काही बोलले नव्हते. केली.
रात्री भात खाल्ला. भात शिजताना पाणी जातं, पण खाणं म्हणजे पिणं नव्हे.

१० जानेवारी. सकाळी ७.
परसात विहीर आहे. त्यात बारीक मासे सोडलेत, डास होऊ नयेत म्हणून. आणि ही माणसं तेच पाणी पितात! मी आमचं पाणी गाळून प्याले. काय गोडवा आहे परळीच्या पाण्याला. जन्म गेला तरी लक्षात आलं नव्हतं.
आज बोट. तीन तास. पूर्ण किनारा बघायचा. हे घाबरतील, त्यांच्यासाठी लिंबू घेतलं आहे.

दुपारी १२.
बोटीत एकूण बावीस मिनिटं. समुद्र दिसला, पुरेसा आहे. डॉल्फिन बघायला म्हणून मी वाकले होते. बराच वेळ वाकले होते. हे गाणं गुणगुणत बसले, लिंबू तसंच.
बोटवाला जावई म्हणाला, "आई, वायच बसा," आणि त्याने माझं डोकं धरलं. घट्ट धरलं, सोडलं नाही. त्याच्या शर्टाचं काय झालं ते इथे लिहिण्याची गरज नाही. मग कोकम सरबत पाजलं. दोन ग्लास. बोट म्हणजे घर नव्हे आणि सरबत म्हणजे औषध. चव ओळखीची वाटली. हे दर श्रावणात आठ दिवस नारायणगडला देवदर्शनाला जातात, तिथून असंच कोकम आणतात.

११ जानेवारी.
निघायचं होतं. अशक्तपणा. कॅन भरलेलाच दिसतो. पाणी जपून वापरणं ही आमच्या जिल्ह्याची विद्या आहे. इथल्यांना नळ सोडून झाडांशी गप्पा मारायची सवय. संध्याकाळी रुद्राणीची सगळी पातेली, बादल्या, पिंप भरून ठेवलं. ती म्हणाली, "आई, पाणी रोज येतं गं." म्हटलं, आज येतं.

१४ जानेवारी.
संक्रांत. तिळगूळ दिला. रुद्राणी पाया पडली. डोळ्यांत पाणी होतं, तिच्या. माझ्या डोळ्यांत खारं वारं गेलं होतं.
कॅन अजून अर्ध्याच्या वर. सहाव्या दिवशी! ईश्वरीला हे मोजून दाखवलं, काटकसरीचा धडा म्हणून. ती तोंड दाबून परसात पळाली. या वयात मुलांना गणिताची भीती वाटतेच.

१७ जानेवारी.
परत निघालो. दोन दिवसांचे नऊ झाले, पण शपथ अभंग. रुद्राणीने विचारलं, "पाणी पुरलं ना आई?" आवाज जरा विचित्र होता. सर्दी असावी. म्हटलं, उरलं. तिला वाईट वाटलं असेल, पण आईला कुठेतरी ठाम राहावं लागतं.

१८ जानेवारी. परळी. दुपारी ४.
उरलेलं पाणी माठात गाळलं. फडक्यात काहीतरी उडालं.
मासा. नखाएवढा. जिवंत.
ह्यांना हाक मारली. म्हणाले, "परळीच्या नळाला कायबी येऊ शकतंय." मी बत्तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या आहेत. फडकं त्यांच्यापुढे धरलं. मग सगळं बाहेर आलं. कोल्हापुरात झाकण निघालं, स्टँडवरच कॅन भरला. मालवणात तो ओतून रोज पहाटे विहिरीचं. ईश्वरी पोहरा धरायची. नारायणगडचंही विचारलं. दर श्रावणात हे मालवणातच. नारायणगडला कोकम होत नाही, हे मला भूगोल शिकवूनही सुचलं नव्हतं.

४:४०.
मासा काचेच्या बरणीत ठेवला आहे. लोणच्याची होती, धुतली. इष्टलिंग बांधणाऱ्या घरात मासा.

सायंकाळी ७.
रुद्राणीला फोन केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी. फक्त माशाला काय खायला घालतात ते विचारायला. पाऊण तास लागला. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, भाताचं एक शीत, जास्त नको. आणि पाणी एकदम बदलू नकोस, त्याला विहिरीच्याच पाण्याची सवय आहे.
त्याला. आठवडाभर तेच मीही प्याले.
ह्यांना सांगितलं, मार्चची तिकिटं काढा. माशासाठी पाणी आणावं लागेल. कॅन जाताना रिकामाच न्यायचा.