ज्यांनी पाणगवत मारलं त्यांच्यासाठी

मी, अर्डिस लुंडीन, कै. वॉरेन लुंडीन यांची पत्नी, वय एकोणऐंशी, शाळेच्या बसवरची निवृत्त ड्रायव्हर, राहणार ओस्टबी, राज्य मिनेसोटा, हे माझ्या मागे राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी ते तपासलं आहे आणि त्यांच्याआधी शेजारी हार्लनने तपासलं आहे. डावा खुबा धातूचा आहे, पण खुब्याने कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. मला कोणी दटावलेलं नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. माझ्या वतीने सही करण्याचा जो अधिकार मी माझी मुलगी कॅरिन हिला दिला होता, तोही आजपासून रद्द.

कलम १. गावातलं घर मुलगा डेल आणि मुलगी कॅरिन यांना निम्मं निम्मं. घराने माझं काही वाकडं केलेलं नाही. तळघरातला फ्रीझर डेलला, आतल्या हरणाच्या मांसासकट. ते त्यानेच मारलंय आणि आणून माझ्याकडे टाकलंय. बर्फ उडवायचं यंत्र सून ट्रिनाला, कारण डेलला दिलं तर ते गॅरेजमधून बाहेर निघायचं नाही.

कलम २. चर्चच्या तळघरातला कॉफीचा मोठा हंडा माझा आहे. चर्चमधल्या ग्लॅडिसने त्यावर चर्चचं नाव रंगवलं म्हणून तो चर्चचा होत नाही. हंडा तिथंच राहू द्यावा, नाव मात्र खरवडून काढावं. ग्लॅडिसकडूनच काढून घेतलं तर उत्तम.

कलम ३. राहिली हॅडली तळ्यावरची केबिन, तिच्यासमोरचा किनारा आणि होडी. हे कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे सांगण्याआधी ऑगस्टमधला तो शनिवार-रविवार लिहावाच लागेल, नाहीतर वाचणारे म्हणतील, म्हातारीचं फिरलं.

केबिनसमोर तळ्याचा एक उथळ फाटा आत शिरला आहे. त्याला आम्ही खाडी म्हणतो. उन्हाळ्यात ती पाणगवताने गच्च भरायची. वर कमळाची पानं, खाली गवताचं जंगल आणि त्या जंगलात बास मासे. गवत नसेल तर बास नाही, इतकी सोपी गोष्ट आहे. वॉरेन गेल्यावरही दर ऑगस्टमध्ये सगळं घर तिथं जमत आलं. होडीत मात्र मी आणि कॅरिन दोघीच. डेलला किडे चावतात, ट्रिनाला वास येतो. कॅरिनला गळ टाकायला मी शिकवलं. तिचे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून ती माझ्या होडीत पुढे बसते.

मार्चमध्ये चर्चच्या पायरीवर घसरून माझा खुबा मोडला. जुलैपर्यंत मी शुश्रूषागृहात होते. बिलं, बँक, कागदपत्रं कोण बघणार, म्हणून सहीचा अधिकार कॅरिनला दिला. डेलला दिला नाही. विश्वास कोणावर ठेवायचा ते मला कळतं, अशी माझी समजूत होती.

ऑगस्टमध्ये काठी टेकत मी होडीत चढले. आम्ही नेहमी रबरी बेडूक वापरतो. तो गवतावर पडला की आवाज होत नाही. दोरी हलकेच खेचायची, बेडूक पानांवरून टुणटुण येतो आणि खालचा बास गवत फाडून त्याच्यावर झेप घेतो. मी बेडूक फेकला आणि तो डुबुक करून पाण्यात पडला. पाणी नितळ, तळाला काळा चिखल. आणि पलीकडे, शेजारच्या केबिनवाल्या हार्लनच्या बाजूला, सुरीने कापल्यासारख्या सरळ रेषेच्या पुढे, गवत नेहमीसारखं माजलेलं.

मी विचारलं, "कॅरिन, गवत कुठं गेलं गं?"

"हिवाळा कडक गेला ना, आई. बर्फ जाड होतं, ऊन पोचलं नसेल खाली."

"हार्लनकडे वेगळा हिवाळा होता का?"

"काय की. आपण मोठ्या पाण्याकडे जाऊ या ना."

"हार्लनच्या बाजूला ने."

"तिकडं नको, झोपला असेल तो." आणि तिने होडी वळवली.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी म्हटलं, सांगेल. शनिवारी सांगितलं नाही, तर रविवारी सांगेल. दोन दिवस ती पुढे बसून त्या मेलेल्या पाण्यात गळ टाकत होती आणि म्हणत होती, "आज उकाडा आहे, म्हणून लागत नाहीयेत." रविवारी जेवताना डेल म्हणाला, "पाणी काय सुंदर झालंय ना या वर्षी?" ट्रिना ताटाकडे बघत राहिली आणि कॅरिनने मला तिच्या हॉटडिशचा, त्या भट्टीत भाजलेल्या बटाटा-मांसाचा, आणखी एक डाव वाढला. सगळ्यांना माहीत होतं. ताकास तूर लागू दिली नाही कोणी.

ते गेल्यावर मी हार्लनकडे गेले. आमच्याकडे तोंडावर भांडत नाहीत, भांड्यांवर भांडतात. मी शुश्रूषागृहातून आल्या आल्या त्याला रुबार्बची पाई पाठवली होती, आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेली. पाईचं भांडं त्याने माझ्या पायरीवर रिकामं ठेवलं होतं, दार न वाजवता. इतक्या वर्षांत त्याच्याकडून भांडं कधी रिकामं आलं नव्हतं. मला वाटलं, पाई बिघडली असेल.

"पाईचं काही नाही," हार्लन म्हणाला. "जूनमध्ये गवतावर औषध मारणारा आला होता. कॅरिन धक्क्यावर उभी राहून त्याला दाखवत होती, इथून तिथपर्यंत. मी विचारलं, अर्डिसला माहितीय का? तर म्हणाली, आईनंच सांगितलंय. सहीसुद्धा आईच्या वतीनं केलीय म्हणाली. मेलेलं गवत महिनाभर माझ्या काठाला सडत होतं. मी म्हटलं, अर्डिस असं करू शकते तर मग बोलायचं तरी कोणाशी."

मी कॅरिनला फोन केला. ती रडली नाही, नाकारलंही नाही. म्हणाली, "आमच्या मुलांना पोहायला जागा हवी होती, आई. आणि तू आता होडीत बसशील असं कोणालाच वाटलं नव्हतं. तुला काय करायचंय त्या गवताचं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मी बिछान्यात पडून पुन्हा चालायला शिकत होते आणि बाहेर माझी वाटणी होऊन गेली होती. डेलने केलं असतं तर मी चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. कॅरिनने माझा केसाने गळा कापला, तोही माझंच नाव लावून. मला फार लागलं आहे. ते वकिलाच्या भाषेत कसं लिहितात मला माहीत नाही.

सबब, कलम ४. केबिन व किनारा डेल आणि कॅरिन यांना एकत्र. अट अशी की पाण्यात औषध मारायचं नाही, गवत कापायचं नाही, उपटायचं नाही. मुलांना पोहायचं असेल तर गावात तलाव आहे. अट मोडली तर सगळं राज्याच्या मासे-खात्याकडे जावं.

कलम ५. हार्लनला मी काही ठेवलेलं नाही, कारण साक्षीदाराने काही घेऊ नये असं वकील म्हणतो. त्याला नवी पाई पोचली आहे. भांडं सफरचंदांनी भरून परत आलं.

कलम ६. कॅरिनचं निळं हॉटडिशचं भांडं त्या रविवारपासून माझ्या ओट्यावर आहे. ते धुऊन तिला परत द्यावं. रिकामं.

कलम ७. होडी कॅरिनला. हो, कॅरिनलाच. सोबत तो हिरवा रबरी बेडूक. दर ऑगस्टमध्ये तिने होडीत पुढे बसावं, मागची जागा मोकळी ठेवावी आणि खाडीत एकदा बेडूक फेकावा. कोणी हात लावला नाही तर गवत आपलं आपण परत येतं, त्याला वर्षं लागतात. बेडूक पडल्याचा आवाज येईल तोवर मी रागावलेली आहे. ज्या वर्षी आवाज येणार नाही, त्या वर्षी मी माफ केलं असं तिने समजावं. त्याआधी नाही.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं. खोडायचं काही नाही.

स्थळ: ओस्टबी, मिनेसोटा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१७

साक्षीदार:
१. हार्लन टोफ्टे, शेजारी
२. रुथान विक, माझ्या खुब्याकडून व्यायाम करून घेणारी

सही: अर्डिस लुंडीन
ही सही माझ्या हातची आहे. माझ्या वतीने कोणी केलेली नाही.