भाषणातलं ते वाक्य

प्रिय ताई,

लांबूनच तुझ्या पाया पडतो. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

काल संसदेत माझं पहिलं भाषण झालं. मी राज्यात मंत्री असताना पडलेल्या पुलाचा विषय निघाला, तेव्हा "चूक अभियंत्याची होती" असं ठणकावून सांगितलं. बाकं वाजली.

नंतर भाषणं टिपून घेणारी मुलगी कागद घेऊन आली. त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, हे असंच ठेवू?"

"ठेवा. का?"

"ते माझे वडील. तुरुंगातच वारले."

ताई, तेव्हापासून जेवायला बसलो की ते समोर दिसतात. पुलाचं उद्घाटन आठ दिवस पुढे ढकला म्हणून आपल्या घरी येऊन विनवत होते. तू दिलेल्या चहाला हातही लावला नाही त्यांनी. निवडणूक तोंडावर होती, मी ऐकलं नाही. अकरा माणसं गेली. चौकशीत मी गप्प बसलो आणि माझ्यासाठी तूही.

उद्या सभागृहात सगळं सांगणार आहे. आईला तूच सांभाळून सांग. हे पत्र आधी पेटीत टाकतोय, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

तुझ्या धाकात वाढलेला,
धाकटा