घरची आघाडी आणि मुद्दा क्रमांक सात

३ मार्च, रविवार
बायको काल परदेशी मिशनवर रवाना झाली. कॅप्टन आहे, ट्रकांचा अख्खा ताफा तिच्या ताब्यात. नऊ महिने. तिकडची आघाडी ती सांभाळेल, इकडची मी. घरात मी, आठवीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, बायकोला ट्रकही त्यांनीच शिकवला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून मागच्या खोलीत असतात.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. स्वयंपाक शिकणे. बायकोला मानसिक बळ देणे.
संध्याकाळी मुलीने अंडी उकडली. छान उकडते. स्वयंपाकाची घाई नाही.

५ मार्च, मंगळवार
उठलो ८.१०. पलटणीच्या कुटुंब-कल्याण कार्यालयात मीटिंग. तिथल्या मॅडमनी छापील सूचना वाटल्या. पहिलीच सूचना: फोनवर चिंता वाढवणारं बोलू नका. वा! मागच्या बाजूलाही काहीतरी छापलं होतं, पण मुद्दा कळल्यावर पान उलटायचं कशाला?
फोन दर रविवारी पाच वाजता, दहा मिनिटं, नोंदवलेल्या एकाच नंबरवर. नंबर माझा.

१० मार्च, रविवार, सायं. ५.३०
आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस अजेंड्याशिवाय तोंड उघडत नाही. आजचे मुद्दे: १) माझं पित्त. २) साहेबांनी माझ्यावर केलेला अन्याय. ३) वॉशिंग मशीनचं नेमकं कोणतं बटण? ४) माझा गुडघा. ५) देशसेवेवर दोन शब्द. ६) मुलगी. ७) सासरे.
सासरे चार वाजल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. नातीकडून भांगसुद्धा पाडून घेतला होता.
नमनालाच घडाभर तेल. पित्तावरच चार मिनिटं गेली. तिसऱ्या मुद्द्यावर लाइन कटली आणि बटण कळलंच नाही. सासऱ्यांना म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की. ते शर्ट काढायला लागले. एका हाताने अर्धा तास लागतो त्यांना.

१४ मार्च, गुरुवार
बायकोची मुलीला ईमेल, उलट उत्तर जात नाही अशा लष्करी पत्त्यावरून. दोन ट्रक वाळूत रुतले, आठ तास उघड्यावर, आजूबाजूला गोळीबार. मुलीने ती आजोबांना वाचून दाखवली. काय गरज होती? तेव्हापासून म्हाताऱ्याचं एकच पालुपद. मला दोन मिनिटं दे, टायरचं सांगायचंय. वाळूत टायरची हवा कमी करायची असते म्हणे, पुस्तकात लिहिलंय त्याहूनही कमी. मी शांतपणे समजावलं की सैन्याकडे तज्ज्ञ असतात, घरी बसून उंटावरून शेळ्या हाकू नयेत.
बायकोने रुतल्यावर काय करावं याबद्दल माझे स्वतःचे चार विचार आहेत. ते रविवारी मांडीन.

१७ मार्च, रविवार
मन मोठं केलं. सासऱ्यांना सातवरून पाचवर आणलं. मुलगी आपोआप सातवर गेली. शेवटी फोन खरंच सासऱ्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "हॅलो, बाळा, टायर..." आणि लाइन कटली.
बराच वेळ कानाला लावून बसले होते. मलाच काढून घ्यावा लागला. बॅटरी संपत आली होती.

२० मार्च, बुधवार
सासऱ्यांना दुसरा झटका. हॉस्पिटलमध्ये. मुलगी म्हणते, आईला आत्ताच्या आत्ता कळवा. मी पहिली सूचना दाखवली. तिने पान उलटलं. मागे लिहिलंय, आई-वडील गंभीर आजारी असल्यास कार्यालयाला ताबडतोब कळवा, तातडीची रजा मिळू शकते.
ठीक आहे, लिहिलंय. पण भावनेच्या भरात निर्णय घेणारा मी नव्हे. शिवाय ती आली तर घर आवरावं लागेल. तीन आठवड्यांचे कपडे पडलेत.

२४ मार्च, रविवार
बायकोने सगळ्यात आधी बाबांनाच मागितलं. झोपलेत, म्हणालो. उठव म्हणाली. डॉक्टरांनी आराम सांगितलाय, म्हणालो, आणि ते काही खोटं नाही. मग म्हणाली, टायरचं काय म्हणत होते ते? म्हटलं, वय झालं आता, काहीबाही बडबडतात.
मुलगी हात पुढे करून समोरच उभी होती. पण तिचा चेहरा चिंता वाढवणारा होता. उरलेला वेळ गुडघ्याला दिला.

२८ मार्च, गुरुवार
ऑफिसात माझं भाषण, "घरची आघाडी". बावीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी हात मिळवला. पुष्पगुच्छ. टायपिस्ट बाईंनी डोळे पुसले. त्याग या शब्दावर मी जरा थांबलो होतो, ते फार परिणामकारक झालं.
फोन सायलेंटवर होता. मुलीचे अकरा मिस्ड कॉल.
सासरे ११.४० ला गेले. जवळ मुलगीच होती. एकटी.
गुच्छ तिथेच उशाशी ठेवला. ताजा होता.

२९ मार्च, शुक्रवार
दुपारी अंत्यसंस्कार. आता बायकोला सांगण्याची जबाबदारी. असं एकदम सांगून माणसाच्या डोक्यात दगड घालायचा नसतो. टप्प्याटप्प्याने सांगायचं. ३१ मार्च: कणकण. ७ एप्रिल: ताप. १४ एप्रिल: हॉस्पिटल. २१ एप्रिल: प्रकृती चिंताजनक. २८ एप्रिल: बातमी. तोवर तिची मनाची तयारी झालेली असेल.
मुलीला वेळापत्रक दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि खोलीत गेली. दुःखात माणूस असं वागतो.

३१ मार्च, रविवार
पहिला टप्पा. बाबांना जरा कणकण आहे, नव्व्याण्णव पॉइंट दोन, बाकी छान, सकाळी दोन चमचे सूप घेतलं, तुझी आठवण काढत होते. बायकोने एकदाही मध्ये तोडलं नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, एवढं शांतपणे तिने माझं कधीच ऐकलं नव्हतं. रंगात येऊन सूप कशाचं होतं तेही सांगितलं.
माझं संपल्यावर म्हणाली, मंगळवारी येतेय. शुक्रवारीच कळलंय मला.
मुलीने त्या कार्यालयातल्या मॅडमना फोन केला होता. बापाला डावलून. संस्कार कुठे कमी पडले?

२ एप्रिल, मंगळवार
आली. गणवेशातच, बूटही न काढता बसली. एकच विचारलं, बाबा शेवटी काय म्हणाले?
आता अशा वेळी चांगला माणूस काय करेल? मी म्हणालो, ते म्हणाले, पोरीला सांग, देश आधी, बाप नंतर.
मुलगी म्हणाली, आजोबांना शेवटचे आठ दिवस बोलताच येत नव्हतं.
बायको उठली, मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. मी बाहेरून विचारलं, चहा करायला सांगू का हिला? आतला दिवा बंद झाला. थकली असणार.

५ एप्रिल, शुक्रवार
पंधरा दिवसांची रजा होती, चौथ्या दिवशी निघाली. कर्तव्याची ओढ, दुसरं काय. जाताना मुलीला कितीतरी वेळ मिठीत धरून उभी होती. मी बॅग उचलायला पुढे झालो तर म्हणाली, राहू दे. विचारलं, मग रविवारी पाचला? म्हणाली, तू थांबू नकोस.
काळजी आहे तिला माझी.

७ एप्रिल, रविवार
पाच ते सात फोन घेऊन बसलो. आला नाही. तिकडे हवामान वाईट असेल.

१४ एप्रिल, रविवार, सायं. ५.१५
फोन आला. मुलीच्या खोलीत वाजला. नोंदवलेला नंबर बदललाय म्हणे. बदलता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती दार लावून, स्पीकरवर बोलली. आधी दोघी रडल्या. मग आजोबांच्या जुन्या गमती निघाल्या, मग शाळा, मग मुलगी खळखळून हसली. घरात ती असं हसते हे मला माहीत नव्हतं. माझा विषय एकदाही निघाला नाही. पूर्ण दहा मिनिटं दाराला कान लावूनच उभा होतो, म्हणून खात्रीने लिहितोय.