खुणेच्या वर गेलेलं पाणी

तीर्थस्वरूप दादास,
भीमेकाठच्या तुझ्या रंभीचा वाकून नमस्कार.

आमी समदी जित्ती हाय, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं ठेव. तिचे गुडघे कसे हायत? वहिनीला कितवा महिना?

गेल्या आठवड्यात हितं पूर आला. देवळाच्या भिंतीवर जुन्या महापुराची शेंदराची खूण हाय. तिच्या वर नदी कदी आलीच न्हाय, म्हणून घरं, गोठे, समदं खुणेच्या वर बांधलेलं. पाणी खुणेला टेकलं की बाया नदीची ओटी भरतात आणि नदी माघारी जाते. आवंदाबी भरली. मामंजी म्हणाले, आता उतरंल, जनावरं सोडू नका. पाणी चढतच राहिलं. आमी माळावर पळालो. जनावरं दावणीलाच बुडाली.

बहात्तरच्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं म्हणून आमी खडी फोडत रडलो, आणि आता वर्षाचा पाऊस एका दिसात पडतोय. मामंजी म्हणतात, आपल्या वळखीचा पाऊस ऱ्हायला न्हाय.

नवी खूण करायला गावानं त्यांच्या हातात शेंदूर दिला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला. "कुटं करू? पुढल्या खेपेला तितंच थांबंल व्हय?" एवढंच बोलले.

दादा, नीरेकाठच्या नव्या घराचं जोतं तू आपल्या आबांनी दाखवलेल्या पुराच्या खुणेवरच धरलंयस की. काम थांबव. मग किती वर धरू, असं मला विचारू नकोस. हितं आता कुणालाच ठाव न्हाय.

तुझी धाकटी,
रंभा